जगातली सगळ्यात वेगवान महिला ३८ व्या वर्षी झोपेतच का गेली? फ्लो-जोची गोष्ट

महिलांची १०० मीटर शर्यत. वर्ल्ड रेकॉर्ड, १०.४९ सेकंद.

महिलांची २०० मीटर शर्यत. वर्ल्ड रेकॉर्ड, २१.३४ सेकंद.

हे दोन्ही रेकॉर्ड एकाच धावपटूच्या नावावर आहेत आणि दोन्ही १९८८ सालचे आहेत. तेव्हा उसेन बोल्ट जेमतेम दोन वर्षांचा होता. त्यानंतर ट्रॅक बदलले, बूट बदलले, ट्रेनिंगचं शास्त्र कुठल्या कुठे गेलं, पण हे दोन आकडे हलले नाहीत.

हे रेकॉर्ड करणारी फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर, म्हणजे जगाची लाडकी फ्लो-जो, २१ सप्टेंबर १९९८ ला सकाळी आपल्या घरात, आपल्याच बेडवर मृत सापडली. वय फक्त ३८.

बातमी आली आणि लोकांनी निकाल देऊन टाकला. इतकी वेगाने पळत होती, म्हणजे काहीतरी घेतच असणार. त्याचंच फळ मिळालं. पण महिन्याभराने शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि त्यात वेगळंच कारण निघालं. तिच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा एक छोटासा जन्मजात गुंता होता.

ही फ्लो-जो नेमकी कोण होती, तिच्या डोक्यात काय होतं आणि त्यातून आपण काय शिकायचं, सगळं सविस्तर बघूया.

११ भावंडांतली सातवी

२१ डिसेंबर १९५९ ला लॉस एंजेलिसमध्ये तिचा जन्म झाला. पूर्ण नाव डेलोरेज फ्लोरेन्स ग्रिफिथ. आईचं नावही फ्लोरेन्सच, म्हणून घरात हिला सगळे डी डी म्हणायचे. वडील इलेक्ट्रिकल कामातले, आई शिवणकाम करायची. एकूण ११ भावंडं, त्यात ही सातवी.

ती लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. आई मुलांना घेऊन लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, जॉर्डन डाउन्स नावाच्या सरकारी वसाहतीत राहायला आली. वॉट्स म्हणजे गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६५ साली इथे झालेली दंगल अमेरिकेच्या इतिहासात नोंदली गेली आहे. अशा ठिकाणी एकट्या बाईने ११ पोरांना वाढवायचं, म्हणजे घरात शिस्त आणि काटकसर दोन्ही आलंच.

वडील मोजावेच्या वाळवंटी भागात राहायचे. सुट्टीत पोरं त्यांच्याकडे जायची आणि तिथे फ्लोरेन्सचा आवडता उद्योग म्हणजे रानातल्या सशांच्या मागे धावणं. सातव्या वर्षापासून ती शर्यतीत पळायला लागली. १४ व्या वर्षी तिने जेसी ओवेन्स यांच्या नावाने होणारी युवा स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

चारचौघांसारखं राहायचं नाही, हे तिचं तेव्हापासूनच ठरलेलं होतं. आईकडून शिवणकाम शिकली, स्वतःचे कपडे स्वतः डिझाईन करायला लागली, केसांच्या नवनव्या स्टाईल करायला लागली. तिने एक बोआ जातीचा साप पाळला होता. तो गळ्यात घालून ती मॉलमध्ये गेली, तेव्हा तिला बाहेर काढलं, असा किस्सा तिच्याबद्दल कायम सांगितला जातो.

पैसे संपले, कॉलेज सुटलं, बँकेत नोकरी

१९७८ मध्ये शाळा संपवून ती नॉर्थरिजच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत गेली. पण वर्षभरातच पैशांचं गणित बिघडलं. घरच्यांना हातभार लावायला तिने कॉलेज सोडलं आणि बँकेत कॅशियरची नोकरी धरली.

गोष्ट इथेच संपली असती. पण बॉब कर्सी नावाच्या कोचने तिला शोधून काढलं, आर्थिक मदतीची सोय लावून दिली आणि परत कॉलेजात आणलं. १९८० मध्ये कर्सी यूसीएलएला गेले, त्यांच्या मागोमाग तीही गेली. १९८२ मध्ये तिने २०० मीटरची आणि १९८३ मध्ये ४०० मीटरची अमेरिकन कॉलेज चॅम्पियनशिप जिंकली. १९८३ मध्येच मानसशास्त्राची डिग्रीही घेतली.

मग आलं १९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. हे तेच ऑलिम्पिक, ज्यात आपल्या पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. फ्लोरेन्सने आपल्या गावात २०० मीटरचं सिल्व्हर जिंकलं. सिल्व्हर म्हणजे काही कमी नाही, पण चर्चा झाली गोल्ड जिंकणाऱ्या व्हॅलरी ब्रिस्को-हुक्सची.

त्यानंतर ती जवळजवळ खेळाबाहेर गेली. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी बायकांच्या वेण्या घालणं, नखं सजवणं, यावर घर चालत होतं. वजनही वाढलं होतं.

१९८७ मध्ये ती पुन्हा जोमाने ट्रॅकवर उतरली. रोमच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटरचं सिल्व्हर आणि रिलेचं गोल्ड मिळवलं. त्याच वर्षी तिने अल जॉयनरशी लग्न केलं. अल हा १९८४ चा तिहेरी उडीतला ऑलिम्पिक विजेता. त्याची बहीण म्हणजे हेप्टॅथलॉन गाजवणारी जॅकी जॉयनर-कर्सी आणि जॅकीचा नवरा म्हणजे कोच बॉब कर्सी. थोडक्यात, सगळं घरच ट्रॅकवरचं होतं.

१६ जुलै १९८८, इंडियानापोलिस

सोल ऑलिम्पिकसाठी अमेरिकेची निवड चाचणी सुरू होती. फ्लोरेन्स मैदानात आली ती एका पायाला पूर्ण कापड आणि दुसरा पाय उघडा, असा स्वतःच्या डोक्यातून आलेला सूट घालून. लांबलचक रंगवलेली नखं, मोकळे केस. बघणाऱ्यांना कळेना, ही पळायला आली आहे की फॅशन शोला.

१०० मीटरची क्वार्टर फायनल होती. तोपर्यंतचा वर्ल्ड रेकॉर्ड होता १०.७६ सेकंद, एव्हलिन अ‍ॅशफर्डचा. फ्लोरेन्सने वेळ नोंदवली १०.४९. एका फटक्यात ०.२७ सेकंदांनी रेकॉर्ड मोडला. १०० मीटरमध्ये रेकॉर्ड शंभराव्या भागाने सरकतात, तिथे ही तफावत म्हणजे अक्षरशः उडी होती.

वाद इथूनच सुरू झाला. पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वेगाने वाहत असेल, तर रेकॉर्ड धरत नाहीत. त्या शर्यतीला वाऱ्याच्या मीटरने चक्क ०.० दाखवलं. पण त्याच वेळी शेजारी तिहेरी उडीच्या जागेवरचा मीटर ४.३ दाखवत होता. मीटर बिघडला होता, असं अनेक जाणकार आजही मानतात. रेकॉर्ड मात्र अधिकृतपणे कायम आहे.

तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. दुसऱ्या दिवशी फायनलमध्ये नियमात बसणाऱ्या वाऱ्यात ती १०.६१ मध्ये पळाली. म्हणजे १०.४९ बाजूला ठेवलं, तरी तिच्यापेक्षा वेगाने पळायला जगाला २०२१ पर्यंत थांबावं लागलं.

सोल गाजवलं, पण संशय मागे लागला

सप्टेंबरमध्ये सोलला तिने १०० मीटरचं गोल्ड घेतलं. २०० मीटरच्या सेमी फायनलला २१.५६ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि त्याच दिवशी फायनलमध्ये २१.३४ करून स्वतःचाच रेकॉर्ड मोडला. ४ बाय १०० रिलेत तिसरं गोल्ड. ४ बाय ४०० रिलेत शेवटचा टप्पा ती पळाली आणि अमेरिकेला सिल्व्हर मिळालं. त्या शर्यतीत सोव्हिएत संघाने केलेला रेकॉर्डही अजून टिकून आहे. तीन गोल्ड, एक सिल्व्हर, दोन वर्ल्ड रेकॉर्ड. फ्लो-जो हे नाव जगभर पोहोचलं.

पण वेळ वाईट होती. २०० मीटरच्या फायनलच्या दोनच दिवस आधी बेन जॉन्सन डोपिंगमध्ये सापडला होता. पुरुषांच्या १०० मीटरचं गोल्ड त्याच्याकडून काढून घेतलं. आता प्रत्येक वेगवान माणसाकडे संशयाने बघितलं जात होतं.

फ्लो-जोच्या बाबतीत तर बोट दाखवायला आकडेच होते. १९८७ पर्यंत तिची १०० मीटरची सर्वोत्तम वेळ १०.९६ होती, २०० मीटरची २१.९६. वर्षभरात इतकी सुधारणा, तीही २८ व्या वर्षी? शरीरयष्टी बदललेली. त्यात एका अमेरिकन धावपटूने तिला औषध विकल्याचा आरोप केला, जो तिने साफ फेटाळला. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये, अचानक होणाऱ्या डोपिंग चाचण्या कडक होण्याच्या तोंडावर, तिने निवृत्ती जाहीर केली. टीकाकारांना हे पुरेसं होतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तिची एकही डोप टेस्ट कधी पॉझिटिव्ह आली नाही. सोलमध्ये तिची तपासणी कसून झाली होती आणि काही सापडलं नव्हतं, असं ऑलिम्पिक समितीच्या वैद्यकीय आयोगाच्या प्रमुखांनीही नंतर सांगितलं. ती स्वतः वेट ट्रेनिंग आणि बदललेल्या सरावाला श्रेय देत राहिली.

निवृत्तीनंतरही ती रिकामी बसली नाही. इंडियाना पेसर्स या बास्केटबॉल टीमची जर्सी डिझाईन केली. तिच्या नावाची बाहुली बाजारात आली. १९९० मध्ये मुलगी झाली. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तिला शारीरिक तंदुरुस्तीसाठीच्या राष्ट्रीय परिषदेचं सहअध्यक्षपद दिलं. १९९६ च्या ऑलिम्पिकसाठी ४०० मीटरमधून पुनरागमनाची तयारीही केली, पण पायाच्या दुखण्याने ते राहून गेलं.

घरच्यांना माहीत होतं, जगाला नव्हतं

एक गोष्ट तिच्या चाहत्यांपर्यंत कधी पोहोचली नव्हती. फ्लो-जोला फिट यायच्या.

कुटुंबाच्या वकिलांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, १९९० मध्ये तिला मोठी फिट आली होती. १९९३ आणि १९९४ मध्येही त्यासाठी उपचार झाले. एप्रिल १९९६ मध्ये विमानात असताना फिट आली आणि तिला एक दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं.

२१ सप्टेंबर १९९८ च्या सकाळी कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहोच्या घरी अलला जाणवलं, की ती श्वास घेत नाही. मदत बोलावली, पण उशीर झाला होता.

सुरुवातीच्या बातम्यांमध्ये हार्टचा त्रास असल्याचं आलं. मग स्टेरॉईडची कुजबुज सुरू झाली. बायको जाऊन दोन दिवस झाले नाहीत, तोवर नवऱ्याला आणि सात वर्षांच्या मुलीला टीव्हीवर हीच चर्चा ऐकावी लागत होती.

२२ ऑक्टोबरला ऑरेंज काउंटीच्या अधिकाऱ्यांनी अहवाल जाहीर केला. झोपेत अपस्माराचा मोठा झटका आला, त्यात तिचा चेहरा उशीत रुतला आणि श्वास कोंडून मृत्यू झाला. झटक्याचं कारण होतं मेंदूच्या पुढच्या भागात, डाव्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीच्या वर असलेला कॅव्हर्नस अँजिओमा. रक्तात औषधं सापडली ती दोनच. एक साधं वेदनाशामक, एक अ‍ॅलर्जीवरचं. दोन्ही मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी.

दहा वर्षांपूर्वी तिने काही घेतलं होतं की नव्हतं, हे सांगणं या अहवालाला शक्यच नव्हतं. तो वाद अजूनही चालू आहे. पण ती डोपिंगमुळे मेली, या म्हणण्याला मात्र अहवालात काडीचाही आधार मिळाला नाही. स्टेरॉईडमुळे असा गुंता तयार होतो, असा पुरावाही नाही.

कॅव्हर्नस अँजिओमा म्हणजे काय रे भाऊ?

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. हृदयातून निघालेलं रक्त धमन्यांमधून डोक्याकडे जातं. तिथे धमन्यांना बारीक बारीक फाटे फुटतात, त्यांना केशवाहिन्या म्हणतात. मेंदूला ऑक्सिजन मिळतो तो इथे. मग तेच रक्त शिरांमधून परत हृदयाकडे येतं.

या जाळ्यात कधी कधी गडबड होते. एखाद्या ठिकाणी बारीक वाहिन्या फुगून एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा पुंजका तयार होतो. दिसायला पिकलेल्या तुतीसारखा. त्यांच्या भिंती अगदी पातळ असतात आणि आत रक्त संथ वाहतं. यालाच कॅव्हर्नस अँजिओमा किंवा कॅव्हर्नोमा म्हणतात. हा कॅन्सर नाही.

दुसरा एक प्रकार आहे, त्याला डॉक्टर एव्हीएम म्हणतात. त्यात धमनी थेट शिरेला जोडली जाते, मधल्या केशवाहिन्याच नसतात. तिथे रक्ताचा दाब जास्त असतो, त्यामुळे वाहिनी फुटली तर रक्तस्रावही मोठा होतो. कॅव्हर्नोमात दाब कमी असतो, म्हणून सहसा तो फुटण्याऐवजी हळूहळू झिरपतो.

झिरपलेल्या रक्तातलं लोह आजूबाजूच्या मेंदूत साठतं आणि तिथल्या पेशींना डिवचत राहतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या संकेतांनी बोलतात. डिवचलेल्या पेशी एकदम, एकाच वेळी संकेत सोडायला लागल्या, की फिट येते. फ्लो-जोच्या बाबतीत हीच साखळी होती. पुंजका, त्यातून फिट, फिटमध्ये उशीत दबलेला चेहरा.

साधारण २०० माणसांमागे एकाच्या डोक्यात असा कॅव्हर्नोमा असतो. घाबरू नका, बहुतेकांना आयुष्यभर त्याचा काहीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय केला, की तो अचानक दिसतो. काही घराण्यांमध्ये तो जनुकांमधून पुढे येतो. तिथे आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. बरेचसे जन्मापासूनचे असतात, काही नंतरही तयार होतात, असं आता दिसून आलं आहे.

साध्या अँजिओग्राफीत तो सहसा दिसत नाही, कारण रक्तच संथ असतं. त्यासाठी एमआरआय लागतो. त्रास नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. फिट येत असतील तर गोळ्या देतात. गोळ्यांनी भागलं नाही किंवा रक्तस्राव होत असेल आणि जागा सोयीची असेल, तर ऑपरेशन करून तो काढताही येतो.

आपल्यासाठी यात काय आहे?

आपल्याकडे आजही कुणाला फिट आली, की कुणीतरी पळत जाऊन कांदा आणतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातखीळ बसेल म्हणून तोंडात चमचा घालतं. यातल्या कशानेही फिट थांबत नाही. चमच्याने तर दात तुटू शकतात, श्वास अडकू शकतो. फिट बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, कांद्याला फुकटचं श्रेय मिळतं.

मग करायचं काय?

माणसाला एका कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, पण नाकतोंड झाकलं जाणार नाही हे बघा. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तरी फिट थांबली नाही, एका पाठोपाठ दुसरी आली किंवा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच फिटला सामोरा जात असेल, तर १०८ ला फोन लावा.

ज्यांना फिटचा त्रास आहे त्यांनी गोळ्या मनाने बंद करू नयेत. झोपेत फिट येत असतील तर पालथं झोपणं टाळावं आणि शक्य असल्यास खोलीत कुणीतरी असावं. मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली, तर डॉक्टरांना दाखवून कारण शोधायलाच हवं.

आणि लपवू नका. आपल्याकडे लग्न मोडेल, नोकरी जाईल या भीतीने घरचे आकडीचं नावही काढत नाहीत. पण शेजारी, मित्र, ऑफिसातले सहकारी यांना माहीतच नसेल, तर वेळेला कुशीवर वळवणार कोण?

आज फ्लो-जो कुठे आहे?

२०२१ मध्ये जमैकाच्या इलेन थॉम्पसन-हेराने टोकियोत फ्लो-जोचा १०० मीटरचा ऑलिम्पिक रेकॉर्ड मोडला आणि तीनच आठवड्यांनी १०.५४ ची वेळ काढली. २०२३ मध्ये शेरिका जॅक्सन २०० मीटर २१.४१ मध्ये पळाली. दोघी अगदी जवळ आल्या, पण वर्ल्ड रेकॉर्ड दोघींच्याही हाती लागला नाही.

मिशन व्हिएहोमध्ये तिच्या नावाचं पार्क आहे. आणि वॉट्समधल्या ज्या शाळेत ती लहानपणी जायची, त्या शाळेला २००० साली तिचं नाव दिलं गेलं. जॉर्डन डाउन्सच्या त्याच वस्तीतली पोरं आता फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर शाळेत शिकतात.